पाच वक्ते, एक अध्यक्ष आणि नव्वद मिनिटं

परिसंवाद कसा होणार हे बऱ्याचदा निमंत्रणपत्रिकेवरच दिसतं. समजा पत्रिकेत छापलंय : रविवार, सकाळी साडेदहा ते बारा, ‘समकालीन मराठी कादंबरी : दशा आणि दिशा’. खाली सहभाग म्हणून पाच नावं, त्याखाली अध्यक्षांचं, मग स्वागत, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार असे आणखी चार जण. आता हिशेब मांडा. ९० मिनिटांतली १५ उशिरा सुरू होण्यात गेली, कारण आधीचं सत्र लांबलं. ग्रंथपूजन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ यांत १०. सहा जणांचे परिचय, प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी १२. अध्यक्षीय समारोप १५ मिनिटांच्या आत आटोपला तर नशीब, आणि आभाराची ५. उरली ३३. पाच वक्त्यांत वाटली तर माणशी जेमतेम साडेसहा मिनिटं. वक्त्याला फोनवर सांगितलेलं असतं, ‘सर, दहा-बारा मिनिटं बोला’. सर घरून वीस मिनिटांचं लिहून आणतात.

पुढचं सगळं या हिशेबातून आपोआप घडतं. पहिले वक्ते अठरा मिनिटं बोलतात, कारण पहिल्याला कुणी अडवत नाही. दुसरे ‘माझ्या आधीच्या वक्त्यांनी बरंच सांगितलंय’ असं म्हणून तेच पुन्हा सांगतात. तिसऱ्यांना चिठ्ठी जाते. ते ती वाचतात, घडी घालतात, पाण्याच्या ग्लासाखाली सारतात आणि बोलत राहतात. पाचवी वक्ती बहुधा वयाने सगळ्यात लहान, बहुधा सगळ्यात लांबून आलेली, आणि बऱ्याचदा सगळ्यात चांगली तयारी केलेली असते. तिच्या वाट्याला ‘वेळेअभावी फक्त मुद्दे सांगते’ हे वाक्य येतं. प्रश्नोत्तरं पत्रिकेत छापलेली असतात, पण त्यांना या हिशेबात जागाच नव्हती. निवेदिका हसून म्हणते, ‘प्रश्न आपण चहाच्या वेळी विचारू या’.

यात कुणाचा दुष्टपणा नसतो. आपण ही बैठक सभेकडून घेतली. मे १८७८ मध्ये पुण्याच्या हिराबागेत न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. सभेला अध्यक्ष असतो, अध्यक्षांच्या परवानगीने बोलायचं असतं, शेवटचा शब्द अध्यक्षांचा असतो. साहित्य संमेलनांच्या मांडवात ही रीत पक्की झाली आणि परिसंवाद म्हणजे एका विषयावर ओळीने केलेली भाषणं, असं ठरून गेलं. निबंध आधी लिहून अध्यक्षांकडे पाठवले जायचे तिथे समारोपाला अर्थ होता. अध्यक्ष सगळं वाचून येत आणि पाचांच्या मतांची सांगड घालत. आता अध्यक्षांनाही विषय गाडीत बसल्यावर कळतो, तेव्हा समारोप म्हणजे सहावं भाषण.

दुसरीकडे मुंबईत गेल्या पंचवीस वर्षांत लिटफेस्टची रीत रुजली : खुर्च्या अर्धवर्तुळात, समोर टेबल नाही, एक जण विचारतोय, बाकीचे बोलतायत. काळा घोडा महोत्सव १९९९ मध्ये सुरू झाला. त्याची साहित्याची सत्रं डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागच्या बागेत होतात आणि तिथे ही मांडणी शोभून दिसते. मराठी ग्रंथोत्सवांनी तीही उचलली, पण जुनी न सोडता. परिणामी एकाच व्यासपीठावर संवादकही असतो आणि अध्यक्षही. संवादक प्रश्न विचारून चर्चा फिरवत असतो आणि अध्यक्ष मधे बसून हातातल्या टिपणांत भर घालत असतात, कारण त्यांना शेवटी बोलायचंय. माझं स्पष्ट मत आहे की दोघांपैकी एकच ठेवावा. ज्येष्ठांचा मान राखायचा असेल तर त्यांना संवादक करा. त्यांनी पुस्तकं वाचून यायची तयारी दाखवली तर उत्तमच, नाही दाखवली तर त्यांचं स्वतंत्र अर्ध्या तासाचं व्याख्यान ठेवा.

माणसं किती बसवायची? ७५ मिनिटांना तीन लेखक आणि एक संवादक, चार लेखक ही कमाल मर्यादा. तिघांत प्रत्येकाला सोळा-सतरा मिनिटं मिळतात, तीही तीन-चार तुकड्यांत. तुकड्यांत बोलताना माणूस दुसऱ्याच्या बोलण्याला बोलतो, सलग बोलताना स्वतःच्याच. शेवटची २० मिनिटं श्रोत्यांची, ती आधीच बाजूला काढून ठेवायची. परिचय प्रत्येकी ८० शब्दांचा, म्हणजे पाऊण मिनिटाचा. व्यासपीठावर मराठी साधारण मिनिटाला ११० ते १२० शब्दांच्या गतीने बोललं जातं, हे एकदा डोक्यात बसलं की कागद पाहूनच वेळ सांगता येते. हाताने लिहिलेल्या फुलस्केप पानावर सव्वादोनशेच्या आसपास शब्द बसतात. वक्त्याच्या हातात दहा पानं दिसली की वीस मिनिटं गृहीत धरावीत आणि संवादकाने त्याच क्षणी, विंगेत, नम्रपणे विचारावं की यातली कुठली दोन पानं तुम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. हे व्यासपीठावर चढल्यावर विचारता येत नाही. शाल-श्रीफळ विंगेत किंवा सत्र संपल्यावर. काही ठिकाणी शालीऐवजी पुस्तक देतात, ते छान, पण त्याचाही फोटो काढायला प्रत्येकी अर्धं मिनिट जातंच.

विषयाच्या शब्दांवर आपण फार कमी वेळ घालवतो. ‘दशा आणि दिशा’, ‘काल, आज आणि उद्या’, ‘आव्हाने आणि संधी’ ही नावं कुठल्याही नामाला जोडता येतात, म्हणून संयोजकांना आवडतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून तर प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत अभिजात मराठीचं एक सत्र आलं. त्यात दर्जा मिळाल्याचा आनंद आणि मराठी शाळा बंद पडत असल्याचं दुःख, या दोन मुद्द्यांपलीकडे गाडी क्वचितच सरकते. विषय तपासायची एक सोपी रीत आहे. त्यावर दोन शहाणी माणसं एकमेकांना ‘नाही, मला तसं वाटत नाही’ असं म्हणू शकतील का? ‘दशा आणि दिशा’ला नाही म्हणता येत नाही.

मुंबईपुरतं उदाहरण घेऊ. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले, आणि लालबाग-परळमधली असंख्य घरं विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. आता ‘मुंबईचे साहित्यातील चित्रण’ असा विषय दिला तर चाळ, लोकल, पाऊस आणि वडापाव यांवर पाऊण तास निघेल. त्याऐवजी ‘गिरणगाव सोडून गेलेल्या मुंबईकराची कादंबरी अजून परळमध्येच का घडते?’ असं विचारा. यात एक आरोप आहे. तो खोडून काढायला कुणी तरी सरसावेल, दुसरा पुरावे देईल, नालासोपाऱ्याला राहणारा श्रोता शेवटी उभा राहून तिघांनाही दोन शब्द सुनावेल. विषय लांब झाला, बॅनरवर मावत नाही, ही तक्रार येते. फॉन्ट लहान करा.

विषय ठरल्यावर माणसं निवडायची. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं, म्हणजे माणसं आधी ठरतात आणि मग सगळ्यांना सामावून घेईल असा ऐसपैस विषय शोधला जातो. निवडीच्या सवयी तर जुन्याच. बाई स्त्री-साहित्याच्या सत्रात, दलित लेखक दलित साहित्याच्या सत्रात, आदिवासी कवी ‘सीमांत आवाज’ नावाच्या सत्रात, आणि कादंबरीच्या तंत्रावर बोलायला उरलेले. व्यासपीठावर कोण आणि कुणाच्या वतीने हा प्रश्न ग्रंथकारसभेइतकाच जुना आहे. महात्मा फुल्यांनी रानड्यांचं आमंत्रण पत्र लिहून नाकारलं आणि ते पत्र १८८५ मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आलं. त्यांचं म्हणणं असं की जे शूद्रादी अतिशूद्रांना माणुसकीचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. आज संयोजकाने एवढं तरी करावं की भटक्या-विमुक्तांतून आलेल्या लेखकाला निवेदनतंत्रावर बोलायला बोलवावं आणि कोथरूड-पार्ल्याच्या लेखकाला जातीवर. दोघंही अवघडतील. त्या अवघडण्यातून ऐकण्यासारखं काही निघतं. अनुवादकाला मात्र अनुवादाच्या सत्राबाहेर बोलवलेलं मी फार कमी पाहिलंय, आणि खरं तर वाक्या-वाक्याचा हिशेब त्याच्याइतका कुणाजवळ नसतो.

निमंत्रणाचं पत्र लेखी हवं, व्हॉट्सॲपवर गेलं तरी लेखीच. त्यात तारीख, वार, सत्राची खरी वेळ, विषय, सोबतचे सगळे वक्ते, प्रत्येकाला मिळणारी मिनिटं, मानधनाची रक्कम, प्रवासाचा वर्ग, राहण्याची जागा, घ्यायला कोण येणार त्याचा फोन, आणि रेकॉर्डिंग यूट्यूबवर जाणार का, एवढं असावं. मानधनाबाबत आपण इतके संकोचतो की ‘योग्य ते मानधन’ असं लिहून मोकळे होतो. मग निघताना पाकीट हातात येतं आणि लेखक ते गाडीत उघडतो. रक्कम कमी असली तरी चालते, आधी माहीत असली पाहिजे. शून्य असेल तर शून्य लिहा. आणि संवादकाला वक्त्यांइतकंच मानधन द्या. सगळ्यात जास्त मेहनत त्याची असते आणि सध्या बऱ्याच ठिकाणी त्याला ‘आपलाच माणूस’ म्हणून नुसता गुच्छ मिळतो.

संवादकाचं काम महिनाभर आधी सुरू होतं. प्रत्येक लेखकाचं किमान एक पुस्तक पूर्ण वाचायचं, ताजं असेल ते. पूर्ण म्हणजे मलपृष्ठ आणि प्रस्तावना नव्हे. वाचताना पानांना खुणा करून ठेवायच्या आणि पुस्तक खुणांसकट व्यासपीठावर न्यायचं. लेखकाला ती रंगीत चिठोरी दिसली की त्याचा सूर बदलतो, समोरच्याने खरंच वाचलंय हे त्याला कळतं. आठवडाभर आधी प्रत्येकाशी वेगळा फोन, वीस मिनिटांचा. या फोनवर एक पथ्य पाळायचं. लेखक एखादा किस्सा रंगात येऊन सांगायला लागला की त्याला तिथेच थांबवायचं, ‘हे तिथे सांगा’. फोनवर पूर्ण सांगून झालेली गोष्ट व्यासपीठावर शिळी होऊन येते, ‘मी परवा तुम्हाला म्हटलं तसं’ अशी सुरुवात होते आणि श्रोत्यांना आपण उशिरा आलो असं वाटतं. फोनवर विचारायचं ते एवढंच : कशावर बोलायला कंटाळा आलाय, कशावर बोलायचं नाही, आणि सोबतच्या वक्त्यांपैकी कुणाशी कुठल्या मुद्द्यावर पटत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर सत्र तयार झालं.

तिघांचा एक ग्रुप करून त्यावर प्रश्न टाकण्याची पद्धत पडलीय. ती टाळावी. प्रश्न आधी गेले की उत्तरं लिहून येतात. गाडीची वेळ, हॉलचा पत्ता, चहा-जेवण यापुरता ग्रुप ठीक.

दहा प्रश्न तयार ठेवायचे आणि पाच वापरायचे. पहिला प्रश्न लहान असावा, हाताला लागेल असा. ‘तुमच्या लेखनप्रवासाविषयी सांगा’ हे विचारलं की माणूस इयत्ता चौथीतल्या कवितेपासून सुरू होतो आणि अकरा मिनिटांनी नोकरीला लागतो. त्याऐवजी विचारावं : छापील पुस्तकात नसलेलं, पण पहिल्या खर्ड्यात होतं असं एखादं प्रकरण आहे का, आणि ते का काढलं? किंवा : तुमची पात्रं आगरी बोलतात आणि निवेदक प्रमाण मराठीत सांगतो, तर हा निवेदक कुठल्या घरात राहतो? अशा प्रश्नाला तयार उत्तर नसतं. लेखक क्षणभर गप्प बसतो, आणि संवादकाने तो क्षण भरून काढायचा नाही. नवखा संवादक तिथे घाबरतो आणि स्वतःच उत्तर सुचवतो, ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का की...’ लेखक सुटल्यासारखा ‘हो, अगदी बरोबर’ म्हणतो. संपलं.

थांबवणं ही खरी कला. घंटी वाजवणं शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेला शोभतं, आणि चिठ्ठीचं काय होतं ते वर सांगितलंच. चालतं ते असं : वक्ता श्वास घेतो तेव्हा त्याच्या शेवटच्या वाक्यातला एक शब्द उचलायचा, त्याचं नाव घ्यायचं आणि चेहरा दुसऱ्याकडे वळवायचा. ‘सर, तुम्ही आत्ता “बाजार” म्हणालात. ताई, तुमचं पहिलं पुस्तक तुम्ही स्वतः छापलंत, तुम्हाला हा बाजार कसा दिसला?’ यात सरांचा अपमान नाही, उलट त्यांच्या शब्दाला मान मिळाला. त्यासाठी संवादकाने ऐकत राहावं लागतं, पुढचा प्रश्न कागदावर शोधत बसलं तर ती फट निसटते. शिवाय पहिल्या रांगेत, बरोबर समोर, एक स्वयंसेवक बसवायचा. त्याच्याकडे तीन मोठे कागद : ‘५’, ‘२’ आणि ‘थांबा’. अक्षरं वीतभर उंच. व्यासपीठावरच्या उजेडात खालचं फारसं दिसत नाही, म्हणून जाड मार्कर आणि पिवळा कागद.

बसण्याची व्यवस्था फालतू वाटते, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे. संवादक मधोमध बसला तर त्याला दोन्ही बाजूंना मान वळवत राहावं लागतं आणि अर्धी माणसं कायम त्याच्या पाठीशी राहतात. त्याला टोकाला बसवा, सगळे चेहरे एका नजरेत येतात. मऊ सोफे नकोत. त्यात माणूस रुततो, पोट दबतं, आवाज बसका येतो, आणि साडी नेसलेल्या बाईला त्यातून उठणं जड जातं. हात नसलेल्या किंवा अरुंद हातांच्या साध्या खुर्च्या, व्यासपीठाच्या काठापासून चार-पाच फूट आत, म्हणजे पहिल्या रांगेला फक्त चपला दिसणार नाहीत. टेबल काढलं तर दोघांत एक टीपॉय हवा, पाणी आणि पुस्तक ठेवायला.

आता माईक. सगळ्यात जास्त सत्रं इथे मरतात. पाच जणांत दोन कॉर्डलेस माईक दिले की माईक हातोहात फिरतो, आणि बाजूच्याचं वाक्य तोडून पटकन काही म्हणायची उर्मी माईक येईपर्यंत ओसरते. प्रत्येकाला स्वतःचा माईक आणि श्रोत्यांसाठी दोन वेगळे, हे किमान. तोंडापासून अंतर चार बोटं. लेखक मंडळींना माईक छातीशी धरायची सवय असते, मग साउंडवाला आवाज वाढवतो आणि शिट्टी येते. दुसरी सवय त्याहून वाईट, माईकची जाळी मुठीत धरण्याची. कॉर्डलेस माईकच्या डोक्यामागे बारीक फटी असतात. मागून आलेला आवाज या फटींतून आत शिरून तिथल्या तिथे कटतो, म्हणून तो माईक समोरचंच ऐकतो. मुठीने फटी बुजल्या की तो चहूकडचं ऐकायला लागतो, स्पीकरचा आवाज त्यात शिरतो आणि पुन्हा शिट्टी. हे वक्त्याला सत्राआधी एका वाक्यात सांगता येतं : ‘दांड्याला धरा, जाळीला नको.’ कॉलर माईक सुटसुटीत, पण भरजरी पदर आणि मोत्यांची माळ त्यावर घासतात, आणि वक्ता बाजूच्याकडे मान वळवून बोलला की आवाज पडतो.

एक बिघाड बाहेरून दिसतच नाही. मोठे स्पीकर श्रोत्यांकडे तोंड करून असतात, त्यामुळे व्यासपीठावर बसलेल्यांना एकमेकांचं नीट ऐकूच येत नाही, येतो तो भिंतीवरून परतलेला घुमारा. पंखे चालू असतील तर तोही नाही. म्हणून तिसरे वक्ते पहिल्याच्या मुद्द्याला भलतंच उत्तर देतात आणि खालच्यांना वाटतं वय झालं. खरं कारण मॉनिटर नसणं. वक्त्यांकडे तोंड केलेला एक लहान स्पीकर जमिनीवर ठेवला, आवाज बेताचा ठेवला, की निम्मे गैरसमज मिटतात. साउंडवाल्याला भाड्याची यादी सांगताना ‘स्टेज मॉनिटर दोन’ असं स्पष्ट सांगावं लागतं, नाही तर तो गाण्याच्या कार्यक्रमालाच आणतो.

पेन्सिल सेल सकाळी आणि दुपारी दोनदा नवे घाला, अर्धे वापरलेले ‘अजून चालतील’ म्हणून ठेवू नका. प्रत्येक माईकवर रंगीत टेप, आणि साउंडवाल्याच्या हातात बसण्याच्या क्रमाने नावांचा कागद, कुठल्या रंगाचा माईक कुणाकडे ते. म्हणजे बोलत नसलेल्यांचे माईक तो खाली घेईल, आणि कुणाचं खाजगी पुटपुटणं (‘किती बोलतोय हा!’) सभागृहभर जाणार नाही. चाचणी ‘हॅलो, चेक, वन टू थ्री’ने होत नाही. ज्याचा आवाज त्याने स्वतःच्या पुस्तकातल्या तीन ओळी वाचाव्यात.

मुंबईची गणितं वेगळी आहेत. रविवार म्हणजे श्रोत्यांना सुट्टी, आणि रेल्वेचा मेगाब्लॉक. तो बहुतेक वेळा अकराच्या सुमारास सुरू होऊन चारच्या सुमारास संपतो, म्हणजे नेमका परिसंवादांचा वेळ. कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशीच्या पेपरात येतं. हार्बरवर ब्लॉक असेल तर वाशी-पनवेलच्या वक्त्याला दोन तास आधी निघायला सांगणं हे संयोजकाचं काम. कार्यक्रम दादरला का भरतात याचं कारण साहित्यिक कमी आणि रेल्वेचं जास्त आहे : मध्य आणि पश्चिम दोन्ही तिथे मिळतात. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाचं सभागृह आहे, संघ १९३५ पासूनचा, पण चर्नी रोडला उतरणारा मराठी वाचक आता विरारहून किंवा कल्याणहून येतो. संध्याकाळचं सत्र साडेआठला संपणार नसेल तर सव्वाआठपासूनच खुर्च्या वाजायला लागतात. बदलापूरच्या माणसाला त्याबद्दल बोलू नये.

नाट्यगृह घेतलं तर ते सत्राच्या हिशेबाने मिळतं, सकाळ, दुपार, रात्र. दुपारी नाटक असेल तर दीडपर्यंत व्यासपीठ रिकामं लागतं, नेपथ्याचा टेम्पो दारात उभाच असतो. मैदानावर मांडव घातला तर परवानग्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक सणांच्या वाट्याला जातात. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्राचा प्रश्न येतो. शिवाजी पार्कला तर २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र ठरवलं गेलं. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे पाऊस संपल्यावर आणि दहावी-बारावीच्या परीक्षा ऐन भरात येण्याआधी. भारताचा क्रिकेट सामना कधी आहे तेही पाहावं. यात कमीपणा नाही.

श्रोत्यांचा प्रश्न या नावाखाली आपल्याकडे बहुधा निवेदन होतं. ‘प्रश्न असा आहे की’ इथून सुरुवात होते आणि स्वतःच्या आगामी संग्रहापर्यंत पोचते. उपाय दोन आहेत. एक, माईक स्वयंसेवकाने हातातच ठेवायचा, श्रोत्याला द्यायचा नाही. दुसऱ्याच्या हातातल्या माईकमध्ये माणूस चाळीस सेकंदांपेक्षा जास्त बोलत नाही, हा अनुभव घेऊन पाहा. दोन, चिठ्ठ्या. सत्र सुरू होण्याआधी खुर्च्यांवर पोस्टकार्डाएवढे कोरे कागद आणि रांगेला चार पेन्सिली ठेवायच्या, चाळीसाव्या मिनिटाला गोळा करायच्या. संकोचाने हात वर न करणारे लिहितात, आणि काही वेळा एकाच सत्रातल्या सात चिठ्ठ्या एकच गोष्ट विचारतात, तेव्हा वक्त्यांनी काय टाळलं ते कळतं. चिठ्ठ्या संवादकाने स्वतः चाळायच्या. संयोजकांकडे दिल्या की बोचरे प्रश्न वाटेत हरवतात. पहिला प्रश्न कॉलेजातल्या मुलाला किंवा मुलीला द्यावा, कारण पहिल्या रांगेतल्या काकांनी सुरुवात केली की पुढचे तीनही काकाच असतात.

आणि पुस्तकं. तीन लेखकांना तासभर ऐकून बाहेर आलेल्या माणसाला ती पुस्तकं दारातच दिसली पाहिजेत. प्रत्यक्षात प्रकाशकाचा स्टॉल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे त्या पुस्तकाच्या दोन प्रती. दोनशे श्रोते अपेक्षित असतील तर प्रत्येक शीर्षकाच्या पंचवीस-तीस प्रती, उरलेल्या परत घेण्याच्या बोलीवर, वितरकाकडून आठ दिवस आधी मागवायच्या. मराठीत हजाराची, हल्ली पाचशेचीही आवृत्ती काढतात. त्यामुळे जुन्या पुस्तकाच्या प्रती गोदामात आहेत का हे आधी विचारायचं, नाही तर संवादकाने तासभर ज्याचं कौतुक केलं ते पुस्तक मिळतच नाही. स्वाक्षरीचं टेबल विक्रीच्या टेबलाच्या पुढे, मागे नाही, म्हणजे रांग पैसे देऊनच पुढे सरकते. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं आणि क्यूआर कोडसमोर माणसं फोन हलवत उभी राहतात, तेव्हा पाचशेच्या नोटेला सुट्टे हवेत. नाव लिहून घ्यायला कागदाच्या पट्ट्या ठेवा. ‘ऋता’ की ‘रुता’ हे लेखकाने मान वर करून विचारण्यात प्रत्येकी दहा सेकंद जातात.

पेपरांना पाठवायची बातमी बऱ्याच ठिकाणी आदल्या रात्रीच तयार असते, ‘...या विषयावर परिसंवाद रंगला’. त्यात वक्त्यांची नावं असतात आणि प्रत्येकाच्या तोंडी एकेक निरुपद्रवी वाक्य. हे काम सत्रात बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला द्यावं, प्रत्येकाचं एक वाक्य जसंच्या तसं टिपायला सांगावं. रेकॉर्डिंगसाठी श्रोत्यांच्या माईकची वायरही मिक्सरमधून रेकॉर्डरला जातेय ना ते तपासा, नाही तर यूट्यूबवर उत्तरं ऐकू येतात आणि प्रश्नांच्या जागी खोकला. सुरुवातीचं स्वागत आणि शेवटचे आभार कापून टाका. शीर्षकात संस्थेच्या नावाआधी विषय आणि लेखकांची नावं घाला, कारण शोधणारा तेच टाइप करतो. चढवण्याआधी फाइल सगळ्या वक्त्यांना पाठवा आणि दोन दिवसांची मुदत द्या. एखाद्याला भरात बोललेलं एखादं वाक्य काढून हवं असतं, आणि तो हक्क त्याचा आहे.